चालत्या बाईकने हायवेवर दगा दिला तर

सिंधुदुर्गातल्या तळेऱ्याच्या अलीकडे, गोव्याच्या दिशेने जाताना, माझ्या बाईकचं मागचं चाक बसलं तेव्हा काटा ७५ च्या आसपास होता. मागे मेव्हणा, दोन्ही बाजूंना बॅगा, रिकामा चौपदरी काँक्रीटचा रस्ता आणि जुलैची रिपरिप. आधी वाटलं मेव्हणाच मागे चुळबुळ करतोय. "नीट बस रे," असं मी ओरडलोसुद्धा. मग गाडीचा मागचा भाग म्हशीसारखा डोलायला लागला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गाडी थांबली, आम्ही पडलो नाही. घोळ मी त्यानंतर घातला. पांढऱ्या पट्टीला चिकटून गाडी उभी केली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि रस्त्याकडे पाठ करून टायर बघायला उकिडवा बसलो. चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक इतक्या जवळून गेला की रेनकोटचा घोळ त्याच्या वाऱ्याने फडफडला. पलीकडे कोकम सरबताच्या बंद टपरीच्या आडोशाला एक आजोबा बसले होते. ते खेकसले, "थंय कित्याक बसलंस? हकडे ये आधी!"

बिघाड झाल्यावर "आधी" काय करायचं आणि नंतर काय, एवढाच या लेखाचा विषय आहे. गाडी दुरुस्त कशी करायची ते त्यात आलंय, पण बरंच मागे.

रस्ता आपला कसा आहे

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू, तिन्हीकडे दुचाकीला बंदी. त्यामुळे कोकणात जाणाऱ्या बाईकवाल्याचा हायवे म्हणजे पनवेलहून निघणारा ६६ नंबर, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही १७ नंबर. हा रस्ता एकसारखा नाही, आणि बिघाड झाल्यावर नेमकं तेच नडतं. कुठे सिंधुदुर्गासारखं सपाट काँक्रीट, जिथे कार शंभरच्या वर सुसाट जातात. कुठे एक बाजू अचानक बंद करून दोन्हीकडची वाहतूक एकाच बाजूने वळवलेली. कुठे साईडपट्टी म्हणून लाल चिखल, तर कुठे जांभ्याचा डोंगर कापून केलेली भिंत आणि तिच्या पायथ्याशी उघडं गटार. शिवाय साईडपट्टीवरून उलटं येणारी गावातली स्कूटर सगळीकडे. म्हणजे थांबताना मागे जसं बघायचं तसं पुढेही.

म्हणून चालवतानाच एक सवय लावून घ्या: आत्ता बंद पडली तर कुठे घेईन, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहायचं. पेट्रोल पंप, एसटीचा थांबा, सर्व्हिस रोडचं तोंड, एखाद्या घराची बेणलेली वाट. आठ-दहा दिवसांत ते आपोआप होतं.

पहिले दहा सेकंद

बिघाड कुठलाही असो, सुरुवात सारखीच. हँडल दोन्ही हातांनी धरा, पण आवळू नका. खांदे ताठ झाले की गाडीची प्रत्येक थरथर हँडलमध्ये उतरते आणि वाढते. रेस सावकाश सोडा. ब्रेकवर झडप घालू नका. नजर बिघडलेल्या भागाकडे न्यायची नाही, जिथे जायचंय तिथे ठेवायची. टायरकडे खाली वाकून बघणारा माणूस हमखास बघतो त्या दिशेला वळतो.

मग आरसा, डावा इंडिकेटर, मान वळवून एक नजर, आणि डावीकडे. उजव्या लेनमध्ये असाल तर एका दमात तिरकं कापू नका. आधी डावी लेन, तिथे स्थिर झाल्यावर साईडपट्टी. मागच्या माणसाला तुमचं काय बिघडलंय ते कळत नाही, त्याला फक्त तुम्ही हळू होताय एवढं दिसतं. वेग शिल्लक असेपर्यंतच जागा निवडता येते, हे लक्षात ठेवा. इंजिन बंद पडलं तरी बाईक लगेच थांबत नाही. ६० च्या वेगात क्लच दाबून धरला तर सपाटीवर बरंच अंतर जाते, घाटाच्या उतारावर तर किलोमीटर-दोन किलोमीटरसुद्धा. कारसारखे आपले ब्रेक इंजिनच्या जोरावर चालत नाहीत, त्यामुळे बंद गाडीचे ब्रेकही नेहमीसारखेच लागतात.

इंजिन बंद करायचंच असेल तर चालत्या गाडीत चावीला हात लावू नका, उजव्या हाताखालचा किल स्विच वापरा. त्याने इंजिन बंद होतं, टेललाइट आणि इंडिकेटर चालू राहतात. चावी फिरवली की सगळाच अंधार, आणि हँडल लॉकचं भोक त्याच चावीत.

टायर बसला तर

सगळ्यात जास्त वेळा होणारा प्रकार हाच, म्हणून याला जरा जास्त जागा.

मागचा टायर गेला की सीटखालून गाडी डोलते. पुढचा गेला की हँडल जड होतं, वळायला नको म्हणतं आणि थरथरतं. दोन्हीत रेस हळूहळू सोडून गाडी सरळ रेषेत आपल्या वजनाने हळू होऊ द्यायची. ब्रेक लावावाच लागला तर चांगल्या चाकाचा, तोही हलका: मागचा बसला असेल तर पुढचा ब्रेक, पुढचा बसला असेल तर मागचा. बसलेल्या टायरवर ब्रेक मारला तर तो रिमवरून घसरतो, आणि मग आपल्या हातात काही राहत नाही. गियर पटापट खाली टाकू नका, कारण मागच्या चाकाला तो झटका ब्रेकसारखाच लागतो. वळणावर हे झालं तर आधी गाडी जमेल तेवढी उभी करा आणि मग हळू व्हा.

मागे बसलेल्याला काय करायचं ते आधीच सांगून ठेवावं: घट्ट धरायचं, हलायचं नाही, पाय खाली सोडायचे नाहीत. माझ्या मेव्हण्याने घाबरून दोन्ही पाय खाली सोडले होते. त्याचा बूट घासला, घोटा वाचला.

आरी असलेल्या चाकात बहुतेक वेळा ट्यूब असते, आणि ट्यूबची हवा एकदम जाते. अलॉय चाकांवरचे ट्यूबलेस टायर खिळा शिरला तरी हवा हळूहळू सोडतात, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. माझ्या टायरात खिळा नव्हताच. हवा कमी असल्याने टायर रिमवर सरकला, सोबत ट्यूब ओढली गेली आणि व्हॉल्व्ह मुळासकट उपटला. निघताना पंपावर रांग होती म्हणून मी हवा बघितली नव्हती. दोघं आणि सामान असताना मागच्या टायरला किती हवा लागते ते चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं. एकट्यासाठीचा आकडा वेगळा असतो, दोघांसाठीचा वेगळा.

चाक जाम होणं, चेन तुटणं, इंजिन सीझ होणं

इंजिन ऑइल संपलेलं असेल तर घाटात भरगच्च सामानासह चढताना इंजिन सीझ होऊ शकतं, म्हणजे आतले भाग तापून अडकून बसतात. आधी ताकद कमी होते, आवाज घट्ट येतो, मग मागचं चाक एकदम करकचून थांबतं. तेव्हा वाचवणारी हालचाल एकच: क्लच दाबा आणि दाबूनच ठेवा. चाक इंजिनपासून सुटं होतं आणि फिरायला लागतं. मग तो क्लच साईडपट्टीपर्यंत सोडायचा नाही. क्लच दाबूनही चाक अडकलेलंच राहिलं तर चेन कुठेतरी गुंतलीय. मग गाडी सरळ घसरू द्या, हँडलने तिला "सुधारायला" जाऊ नका.

चेन नुसती तुटून मागे पडली तर इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही, बस. ते परवडलं. तुटून पुढच्या स्प्रॉकेटशी, म्हणजे दातेरी चाकाशी, गोळा झाली तर ती इंजिनचं कव्हर फोडू शकते. चेन रस्त्यात पडली असेल तर ती आणायला लेनमध्ये धावू नका.

रेस अडकली तर

रेस सोडली आणि गाडी तशीच पळतेय: क्लच दाबा, किल स्विच मारा, याच क्रमाने, जवळजवळ एकत्र. क्लच दाबल्यावर इंजिन किंचाळेल. किंचाळू दे. कारण बरेचदा क्षुल्लक निघतं: रेनकोटची बाही ग्रिपमध्ये अडकलेली, मोबाइल होल्डरची वायर गुंडाळलेली, किंवा रेस वायर गंजलेली.

घाटात ब्रेक गेला तर

कराडहून कुंभार्ली उतरून चिपळूणला येणारे, आंबा घाटातून साखरप्याकडे येणारे, आंबोलीतून सावंतवाडीला येणारे, यांनी हा भाग नीट वाचावा.

ब्रेक अचानक जात नाहीत. आधी लिव्हर मऊ लागायला लागते, ग्रिपच्या जवळ यायला लागते. कारण उष्णता. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ वर येते. दोन पावसाळे काढलेलं ऑइल आणि घाटभर दाबून धरलेला ब्रेक एकत्र आले की नळीत वाफ होते. वाफ दबते, ऑइल दबत नाही, म्हणून लिव्हर नुसतीच आत जाते. ड्रम ब्रेकमध्ये वाफेचा प्रश्न नाही, पण शू तापून गुळगुळीत होतात आणि धरत नाहीत.

लिव्हर मऊ लागली त्याच क्षणी थांबायचं, पुढच्या वळणानंतर नाही. वेळ निघून गेली असेल तर लिव्हर भराभर पंप करा, तीन-चार दाबांत थोडा ब्रेक परत येतो. त्याच वेळी दुसरा ब्रेक आणि गियर. गियर एकेक करून खाली: चौथ्यातून तिसरा, क्लच सावकाश सोडायचा, गाडी ओढली गेली की दुसरा. चौथ्यातून थेट पहिला टाकला तर मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी होईल. हॉर्न दाबून ठेवा, अप्पर-डिपर मारत राहा. क्लच दाबून न्यूट्रलवर गाडी सोडणं ही इथली सगळ्यात मोठी चूक, कारण इंजिनचा अडसर हाच तुमचा शिल्लक राहिलेला ब्रेक आहे. काहीच उपाय उरला नाही तर दरीची बाजू सोडून द्या. डोंगराकडची बाजू तुमच्या डावीला असेल तर तिथला चिखल, वाळूचा ढीग, झुडूप, कमी वेगात घासून थांबायला जे मिळेल ते चालेल. समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये आंधळ्या वळणावर जाणं मात्र कधीच नाही.

घाट उतरायचा जुना नियम एसटीच्या ड्रायव्हरांकडून ऐकलेला: ज्या गियरमध्ये चढला असतास त्याच गियरमध्ये उतर. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणारे अजून भेटतात. त्यांना हात जोडावेसे वाटतात.

क्लच वायर तुटली तर

हा बिघाड भीतीदायक वाटतो, पण गाडी चालू असेल तर सगळ्यात सभ्य. लिव्हर ढिली पडते, बाकी गाडी ठणठणीत. घाबरून ब्रेक मारला तर गाडी गियरमध्ये धक्के खाऊन बंद पडेल, तीही लेनच्या मधोमध. त्यापेक्षा रेस कमी करा, साईडपट्टी गाठा, आणि थांबायच्या आधी गाडी सरकत असतानाच पायाने न्यूट्रलवर आणा. न्यूट्रल मिळाला नाही तर किल स्विच मारून मग ब्रेक.

जवळच्या गॅरेजपर्यंत क्लचशिवाय जाता येतं, पण रस्ता मोकळा असेल तरच. गाडी न्यूट्रलमध्ये चालू करा, चालत-ढकलत थोडा वेग द्या, बसा आणि पहिला गियर ठामपणे दाबा. एक झटका बसेल. वरचा गियर टाकताना रेस क्षणभर पूर्ण सोडा आणि त्याच क्षणी पाय हलवा. वेळ जमली तर गियर लोण्यासारखा पडतो. खाली येताना वेग अगदी कमी होऊ द्या. काही गाड्या गियरमध्ये असताना क्लच लिव्हर दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत. तिथे वायर तुटलेली असली तरी लिव्हर दाबून बघा, कारण तो स्विच लिव्हरपाशी असतो. दुसऱ्या गियरमध्ये शांतपणे चला, सिग्नल आणि बाजारपेठ टाळा. चिपळूण किंवा कणकवलीच्या गर्दीत हा प्रयोग करू नये, आणि घाटात तर नाहीच.

जुन्या बाईकवाल्यांची एक युक्ती झकास आहे. नवी क्लच वायर ग्रीस लावून जुन्या वायरीच्या बाजूने आधीच ओवून, टेपने बांधून ठेवतात. तुटली की फक्त दोन टोकं अडकवायची. पावसात टाकी काढावी लागत नाही.

रात्री दिवे गेले तर

कशेडीच्या बोगद्यात नाही, तर पोलादपूरच्या आधीच्या काळोखात दिवे जातात, असा माझा अनुभव. पहिल्या सेकंदात रस्ता कसा होता ते डोक्यात असतं, त्याच रेषेत राहा आणि हळू व्हा. डिपर गेला असेल तर अप्पर लावून बघा, बल्बमध्ये बहुधा दोन तारा असतात आणि एकच जळते. दोन्ही नाहीत तर इंडिकेटर चालू ठेवा. पुढच्या ट्रकच्या उजेडात चिकटून जाण्याचा मोह होतो. पण तुमचा टेललाइट गेला असेल तर मागच्याला तुम्ही दिसतच नाही. थांबा, साईड पॅनेल उघडा, फ्यूज बघा. बहुतेक गाड्यांत तिथेच एक जादा फ्यूज खोचलेला असतो. त्याच जाडीचा, म्हणजे तेवढ्याच अँपिअरचा लावा. सिगारेटची चांदी गुंडाळून जमवणारे महाभाग नंतर वायरिंग जाळून घेतात.

इंजिन नुसतंच बंद पडलं तर

आधी हसू येईल अशी कारणं तपासा. किल स्विच चुकून दाबला गेलाय का? हातमोज्याने हे सहज होतं. साईड स्टँड अर्धा खाली आलाय का? बऱ्याच नव्या गाड्या गियर टाकला की त्यावरच बंद पडतात. टाकीत पेट्रोल आहे का, जुन्या गाडीत पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर केला का? गाडी पडून उठली असेल आणि चालू होत नसेल तर चावी एकदा बंद करून पुन्हा लावा, कारण कित्येक नव्या गाड्यांत आडवं पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो.

पावसात प्लगच्या टोपीत पाणी जातं. ती काढून कोरड्या फडक्याने पुसायची, बस. पाण्यातून जाताना मात्र वेगळा प्रकार. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, ते टोक झालं, पण दर पावसाळ्यात मोऱ्यांवरून पाणी वाहतंच. अशा पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन पाण्यावर आदळतो, कारण पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा, प्लग काढून बघा, पाणी दिसलं तर थेट गॅरेज. मुळात मोरीवर पाणी वाहत असताना पलीकडचा कठडा दिसत नसेल तर जाऊच नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला तो अशाच पुरात.

थांबल्यावर, आणि इथेच लोक मरतात

आता त्या आजोबांच्या "आधी"वर येऊ.

गाडी पांढऱ्या पट्टीपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. पंक्चर असली तरी ढकलत न्या. टायर आणि रिमचे पैसे नंतर भरता येतात. आंधळ्या वळणाच्या आत, चढाच्या माथ्यापलीकडे, पुलावर, बोगद्यात थांबणं टाळा. थोडं पुढे सरळ रस्त्यावर जा, जिथून मागच्याला तुम्ही लांबून दिसाल. उजवीकडे डिव्हायडरला टेकून उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण तिथे मागे सरकायला जागा नसते.

पावसात साईड स्टँड लाल मातीत रुततो आणि गाडी आडवी होते. खाली चपटा दगड किंवा चेपलेली पाण्याची बाटली ठेवा. गियरमध्ये उभी करा. चारी इंडिकेटर लागत असतील तर लावा, नसतील तर डावा.

हेल्मेट काढू नका. मागच्याला आधी उतरवा, रस्त्याच्या बाजूने नाही, शेताच्या बाजूने. मग दोघं लोखंडी कठड्याच्या पलीकडे जा, आणि गाडीच्या पुढे नाही, मागे, म्हणजे ज्या बाजूने वाहनं येतात तिकडे सरकून उभे राहा. कुणी गाडीला ठोकर दिली तर ती पुढे उडते, तुमच्या अंगावर येत नाही. पावसाळ्यात कापलेल्या डोंगराखाली मात्र उभं राहू नका. परशुराम घाटासारख्या ठिकाणी वरून माती येते, तिथून पायी पुढे चालत जाणं बरं.

खूण म्हणून आपल्याकडे झाडाचे टाळे टाकायची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. साईडपट्टीवर, गाडीच्या मागे पन्नास-साठ पावलं अंतरावर, पट्टीच्या आत टाका. टाकायला जाताना चेहरा येणाऱ्या वाहनांकडे ठेवा. दगड ठेवू नका. ट्रकवाले चाकाला लावलेले दगड तसेच सोडून जातात आणि रात्री त्यावर आपल्यासारखाच कुणी बाईकवाला आदळतो. आम्ही निघालो तेव्हा आजोबांनी पुन्हा हाक मारली होती, टाळे उचलून घ्यायला. मेव्हणा निमूटपणे परत गेला.

रात्र असेल तर मोबाइलचा टॉर्च येणाऱ्या वाहनांच्या बाजूला, जमिनीकडे तिरका धरा, ड्रायव्हरच्या डोळ्यांत नाही.

फोन कुणाला, आणि काय सांगायचं

जखमी कुणी असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३. विम्यासोबत रस्त्यावरची मदत घेतली असेल तर तो नंबर पॉलिसीच्या पीडीएफमध्ये नको, फोनबुकात हवा, कारण घाटात नेट मिळत नाही. पहिला प्रश्न येतो, "कुठे आहात?" उत्तर तीन गोष्टींचं असावं: मुंबईकडे जाणारी बाजू की गोव्याकडे जाणारी, मागे गेलेलं शेवटचं गाव, आणि पिवळ्या डोक्याच्या दगडावरचा किलोमीटर. दोन मोठ्या दगडांच्या मध्ये २०० मीटरवर छोटे दगड असतात, तेही सांगा. चौपदरी रस्त्यावर बाजू सांगायला विसरलात तर मदतवाला समोरून हात हलवत निघून जातो आणि पुढच्या कटवरून वळून यायला अर्धा तास घेतो.

रस्त्यातच दुरुस्ती करायची की नाही

मी स्वतःला दोनच प्रश्न विचारतो. गाडी रस्त्यापासून इतकी लांब आहे का, की वाकलो असताना ट्रक गेला तरी मला फरक पडणार नाही? आणि हे काम अंधार पडायच्या आत होईल का? एकाचंही उत्तर "नाही" असेल तर पाना बाहेर काढायचा नाही. ट्यूबलेस टायरला रबरी वात भरणं, फ्यूज, प्लग, चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी), क्लच वायर, एवढं रस्त्याकडेला होतं. चेन लॉक बसवताना क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे. आणि इंजिन चालू ठेवून, गियरमध्ये चाक फिरवत चेनला हात लावायचा नाही. अशी बोटं गेलेले दोन जण मला माहीत आहेत, दोघंही चांगले मेकॅनिक.

दुसऱ्या बाईकवाल्याने मागून फूटरेस्टला पाय लावून ढकलत नेणं आपल्याकडे सर्रास चालतं. गल्लीत ठीक, हायवेवर नको. दोन बाईक मिळून एक लेन अडवतात आणि दोघांनाही ब्रेक मारता येत नाही. दोरीने टोचन करणं त्याहून वाईट. छोटा हत्ती किंवा पिकअप मागवा. गाडी चढवायच्या आधी भाडं ठरवा. पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवून, हँडलच्या दोन्ही बाजूंनी खाली ताणून बांधा, गियरमध्ये ठेवा, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा.

निघायच्या आधी

समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि सततच्या पावसात वायरी आणि चेन घाटावरच्यापेक्षा लवकर खराब होतात. क्लच वायर बहुतेक वेळा लिव्हरच्या टोकाला तुटते. तिथलं रबर सरकवून बघा, एक जरी तार उसवलेली दिसली तर तेल घालत बसू नका, वायर बदला. चेन भिजली की कोरडी करून तेल द्या. मधोमध वरखाली हलवून दोन-तीन सेंटिमीटरची ढील असावी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. सामान आणि माणूस बसल्यावर ती ढील आवळते, म्हणून चेन तारेसारखी ताणून ठेवणं चूक. इंजिन ऑइल काचेतून किंवा पट्टीने बघा. ब्रेक ऑइल काळपट दिसलं तर पावसाळ्याआधी बदला.

सोबत प्लगचा पाना, एक प्लग, दोन फ्यूज, चेन लॉक, क्लच वायर, इन्सुलेशन टेप, केबल टाय, थोडी बांधायची तार, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि छोटा पंप. बॅगेच्या मागच्या बाजूला चमकणारी टेप चिकटवा, थोडक्या पैशांचं काम. ट्यूबवाल्या चाकांसाठी एक ट्यूब. ती नुसती पान्यांच्या डब्यात टाकू नका. माझ्याकडे तळेऱ्याला ट्यूब होती, तीन वर्षं तशीच पडलेली. पंक्चरवाल्याने हवा भरून पाण्यात बुडवली तर पान्याने घासून घासून तिला भोक पडलेलं. आता ती पावडर लावून, जुन्या पंच्यात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून सीटखाली असते.